तेवीस नंबरची झडप

मंगळवारी सकाळी दहा वाजता आमच्या वृद्धांच्या वसाहतीच्या हॉलमध्ये मेंदूचा व्यायाम असतो. तालिया नावाची एक मुलगी येते, तबकात बारा वस्तू मांडते, मिनिटभर दाखवते आणि वर चहाचं फडकं टाकते. मग आम्ही म्हाताऱ्यांनी एकेक करून आठवायचं. त्या मंगळवारी नव्याने राहायला आलेली एक बाई माझ्यासमोर बसली होती. पांढरे केस नीट बसवलेले, फिकट निळा स्वेटर, चेहरा कुणाचाही असावा असा. तिची पाळी आली तेव्हा तिने डोळे मिटले आणि एकेक वस्तू सांगताना उजवा हात हवेत नेऊन पुढे ढकलू लागली. किल्ली, आणि हात पुढे. बटण, आणि हात पुढे, जरा वर, जरा डावीकडे. डावा हात मांडीवर, करंगळी अंगठ्याखाली दुमडलेली. चेहरा मी रस्त्यात ओळखला नसता. हात ओळखला. ती बाई हवेतल्या एका टेलिफोन बोर्डात दोऱ्या खोचत होती आणि तो बोर्ड मला तिच्याइतकाच माहीत होता. "अरे वा, बारापैकी दहा," तालिया म्हणाली, "काय नाव म्हणालात?" बाई हसून म्हणाली, व्हर्ना. व्हर्ना लिडिकोट. बासष्ट वर्षं मी ते नाव रोज सकाळी म्हणत आले होते, आणि आता ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला कुणी माझ्या स्वयंपाकघरात न विचारता शिरल्यासारखं झालं.

तालिया आम्हाला सांगते की डाव्या हाताने दात घासा, शंभरातून सात-सात वजा करत जा, ट्रामचे थांबे ग्लेनेल्गच्या किनाऱ्यापासून ॲडलेड शहरापर्यंत उलटे म्हणा. मी मान हलवते. माझा व्यायाम तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. सकाळी उठले की किटलीखालचा गॅस पेटवायचा आणि पाणी उकळेपर्यंत तिनारा गावाच्या टेलिफोनचे साठ नंबर क्रमाने म्हणायचे. एक, पोलीस. दोन, डॉक्टर. तीन, रेल्वे स्टेशन. चार, बेकरी. असं साठपर्यंत, प्रत्येकाच्या नावासह, त्याच्या आवाजासह, कोण हॅलो म्हणायचं आणि कोण नुसतं खाकरायचं ते सगळं. मग चहा ओतायचा, आणि चहा निवेपर्यंत एकसष्ट सालच्या फेब्रुवारीतली ती दुपार, मिनिटामिनिटाने. माझ्या नवऱ्याला मी सकाळी ओठ हलवते ते माहीत होतं. तो त्याच्या भावांना सांगायचा की आमची जोन प्रार्थना करते. त्याचा चर्चवर विश्वास होता, त्याला बरं वाटायचं. मी त्याला कधी सांगितलं नाही की ही प्रार्थना एका बाईचं वाटोळं व्हावं म्हणून आहे आणि त्यात देवाला काही काम नाही.

तिनारा म्हणजे गव्हाचा मुलूख, पोस्टाच्या मागच्या खोलीत एक्सचेंज. भिंतीला साठ झडपांचा बोर्ड, प्रत्येक झडप नाण्याएवढी. शेतावर कुणी आपल्या टेलिफोनचं हँडल फिरवलं की इथे त्याच्या नंबराची झडप टक्‌ करून पडायची. बोर्डावरच्या मुलीने दोरी खोचायची, "नंबर सांगा" म्हणायचं, आणि मागेल त्याला जोडून द्यायचं. मी एकोणीस वर्षांची होते. तेव्हा मला जोन म्हणत नसत. माझं नाव एव्हिस, एव्हिस पेंगिली. जोन हे माझं मधलं नाव, ते मी नंतर वापरायला घेतलं, कारण पहिलं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. व्हर्ना पोस्टमास्तरची बायको, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. दुपारी दोन ते चार तिची पाळी, चारनंतर माझी. तिनेच मला बोर्ड शिकवला होता. माझ्या हातावर चापट मारून म्हणायची, "उजवी दोरी डावीच्या वरून ने गं, खालून नको, नाहीतर संध्याकाळपर्यंत विणकाम होईल." तिचा मला लळा होता, हे लिहायला आजही हात धजत नाही. तेवीस नंबर नोएल्के कुटुंबाचा. आर्नो नोएल्केशी माझं लग्न ठरलेलं होतं, आणि त्याची आई, इडा, रोज पावणेपाचला उगाच हँडल फिरवायची, मला विचारायला की आज जेवलीस का.

त्या दिवशी उत्तरेकडचा वारा होता, आमच्याकडचा भर उन्हाळ्यातला तापलेला वारा. कापणी झालेल्या गव्हाच्या खुंटांना आग लागली होती पण ती लांब, पश्चिमेला, असं सगळे म्हणत होते आणि पुरुष सगळे तिकडे गेले होते. मी चारला दहा कमी असताना पोस्टात आले, कारण घरी छपराखाली बसवत नव्हतं. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची मागे सरकवलेली, बोलण्याचा कर्णा खिळ्यावर टांगलेला, आणि बोर्डावर एकच झडप पडलेली. तेवीस. मी उभ्याउभ्याच दोरी खोचली आणि म्हटलं, नंबर सांगा. पलीकडे माणूस नव्हतं. कुणी खूप मोठा कागद सावकाश चुरगळावा तसा आवाज येत होता. मग तोही थांबला. मागच्या दाराची जाळी वाजली आणि व्हर्ना आत आली. तिच्या हातात चादरींचा ढीग होता, हनुवटीपर्यंत, आणि पांढऱ्या चादरींवर राखेचे काळे ठिपके. वाऱ्याने आग नोएल्क्यांच्या घरावरून नेली. इडा नोएल्के टेलिफोनखाली सापडली. तिचे पाय अधू होते तरी घराबाहेर पाण्याच्या टाकीपर्यंत ती जाऊ शकली असती. पण ती हँडल फिरवत राहिली, कारण तिला ठाऊक होतं की या टोकाला नेहमी कुणीतरी असतं.

चौकशी झाली तेव्हा पाळीच्या कागदावर साडेतीनपासून माझी आद्याक्षरं होती. ती मी केलेली नव्हती. पोस्टमास्तर लेस लिडिकोट मान खाली घालून बसला आणि व्हर्नाने रुमाल नाकाला लावून सांगितलं की पोरीला बोर्ड सोपवून मी बाहेर गेले, तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं, लग्न ठरलं होतं ना. सगळ्यांनी माना हलवल्या. लग्न ठरलेल्या मुलीबद्दल हे कुणालाही पटतं. आर्नो मला शेवटचं दिसला तो चर्चच्या पायरीवर, भुवया जळालेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर काय आहे ते कळत नव्हतं. गुरुवारच्या गाडीने मी ॲडलेडला आले आणि एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करायला लागले. तेवीस वर्षं चादरी. हा आकडा मी जुळवलेला नाही.

माणसं म्हणतात काळ गेला की धार बोथट होते. ती घासली नाही तर होते. मी रोज घासली. पण घासण्याचा एक तोटा आहे, तो मला सत्तरीनंतर कळायला लागला. रोज उगाळलेली गोष्ट गुळगुळीत होते, इतकी की तिच्यावर आपल्याच बोटांचे ठसे राहतात. एखाद्या सकाळी किटली शिट्टी देत असताना मनात यायचं, चारला दहा कमी होते की वीस? खुर्ची मागे सरकलेली होती, की ती मीच मागे सरकवून उठले? कागदावरची अक्षरं माझ्यासारखीच होती, त्या पी-चं पोट तसंच. मग मी गॅस बंद करून पहिल्यापासून सुरू करायची. एक, पोलीस. दोन, डॉक्टर. तिनाऱ्यात आता त्या दुपारचं कुणी उरलेलं नाही. लेस मेला, आर्नो क्वीन्सलंडला गेला आणि तिकडेच मेला. त्या खोलीत काय झालं हे जगात दोनच डोक्यांत होतं, आणि माझ्या डोक्याला खात्री हवी असेल तर ती दुसऱ्या डोक्यातूनच मिळणार होती. आणि ते डोकं आता हॉलपासून चौथ्या घरात, जिरेनियमच्या कुंड्यांमागे राहायला आलं होतं.

तिने मला ओळखलं नाही. म्हणजे तसं तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. जोन स्टाव्रू, नवरा ग्रीक, मासे तळायचं दुकान होतं, एवढं तिला तालियाने सांगितलं. पंधरा दिवसांत ती माझ्या दाराशी आली. हातात केकचा डबा, आणि अंगात बंद ठेवलेल्या घराचा वास. म्हणाली, माझं एक काम आहे आणि ते मला लाज वाटण्याजोगं आहे. तिने दोनदा शेगडी चालू ठेवली होती, एकदा आगीचा बंब आला. आता वसाहतीने कळवलं होतं की महिन्याअखेर तपासणीला बाई येणार. त्या बाईला पटलं तर ती स्वतःच्या घरात राहणार. नाही पटलं तर मागच्या इमारतीत, जिथलं दार आतून उघडत नाही. मूलबाळ नव्हतं, पुतण्या पर्थला. तपासणीच्या वेळी ओळखीचं एक माणूस शेजारी बसवायचं असतं, ते मी व्हावं, आणि तोवर तिचा थोडा अभ्यास घ्यावा. "मंगळवारी सगळ्यांत हुशार तूच असतेस, जोन. तालियाही तुला टरकते." ती हसली. हसणं तेच होतं. मी केकचा डबा घेतला आणि म्हटलं, ये, बस.

मला वाटलं होतं की सूड ही काहीतरी तापलेली वस्तू असेल. ती थंड निघाली, आणि कामाची. रोज दुपारी तीनला मी तिच्या स्वयंपाकघरात बसायची. शंभरातून सात, त्र्याण्णवातून सात. आजचा वार, पंतप्रधानाचं नाव, प्राणी एका मिनिटात किती. यात ती बरी होती. "कांगारू, वोंबॅट, माझा दीर," ती म्हणायची, "त्याला धर, तो वोंबॅटपेक्षा जाड होता." खरी अडचण पाच शब्दांची. पाच शब्द सांगायचे, मध्ये दुसरं काही विचारायचं, आणि पाच मिनिटांनी परत मागायचे. ते तिच्या हातून वाळूसारखे जायचे. मी तिला विचारलं, तू काम काय करायचीस? तिने चमच्याने कपातली साखर खूप वेळ ढवळली. टेलिफोनवर होते थोडे दिवस, ती म्हणाली, लग्नानंतर, नवरा पोस्टात होता. "मग तो बोर्डच वापर," मी म्हटलं, "डोळे मीट. एकेक शब्द एकेका नंबरावर टांगून ठेव, म्हणजे परत मागितला की दोरी खोचायची." तिचा चेहरा एकदम उजळला. तो इतका तरुण झाला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. तिचा उजवा हात आपोआप वर गेला होता.

नंबर मी सांगितले. चार, अकरा, तेवीस, एकतीस, चाळीस. ती कपाचा कान धरून बसली. म्हणाली, तेवीस नको, बावीस घेऊ. मी विचारलं, बावीसला कोण होतं? हॉटेल, ती म्हणाली. आणि तेवीसला? तिने टेबलावरचे केकचे कण तळहाताच्या कडेने गोळा केले, एक छोटी टेकडी केली, ती पुन्हा मोडली. "कुणी नाही गं. तो रिकामा होता." मी म्हटलं, रिकामा तर फारच चांगला, रिकाम्या जागी वस्तू स्वच्छ दिसते. तिने मान हलवली. शाळेतल्या मुलीसारखी, मास्तरणीला खूश करायचं असतं तशी. आणि मग तीन आठवडे मी रोज बघत राहिले. चारवर वस्तू राहायची, अकरावर राहायची, एकतीस आणि चाळीसवर राहायची. तेवीसवर मी काहीही ठेवलं, लिंबू, छत्री, पेटी, ते परत मागितलं की नसायचं. तिचा हात अकरावरून सरळ एकतीसवर जायचा, मधल्या जागी भोवरा असल्यासारखा जरासा वळून. मी म्हणायची, पुन्हा. ती म्हणायची, "माझं मेलं तेवढंच डोकं कुजलंय बघ." मी म्हणायची, पुन्हा. घरी येऊन मला भूक लागायची, अशी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. बावीसला कबूल होऊन मी तिला सहज वाचवू शकले असते. मला ते रोज सुचत होतं, आणि रोज मी ते सुचणं चाखत घरी येत होते.

आणि तरी तीन आठवडे दुपारच्या दुपार एकाच टेबलाशी बसलं की माणूस माणसाला सवयीचं होतं. तिच्या बोटांना संधिवात होता, बरणीचं झाकण मी उघडून द्यायची. ती मला आधीच्या दिवसाचा केकचा तुकडा फडक्यात बांधून द्यायची. एकदा उत्तरेचा वारा सुटला तेव्हा ती बोलता बोलता उठली आणि घरातल्या सगळ्या खिडक्या लावून आली, आणि मागच्या अंगणात दोरीवर काहीच नव्हतं तरी दाराच्या जाळीतून दोरीकडे बघत उभी राहिली. मी खुर्चीतून हलले नाही. माझ्या मनात आलं, आता विचारावं. एका वाक्याचं काम होतं. पण ती आता सांगेल ते माझ्या एकटीपुढे, आणि मला ते माझ्या एकटीपुढे नको होतं. चौकशीत तिने माझ्याबद्दल चौदा माणसांसमोर सांगितलं होतं.

तपासणीला आलेल्या बाईचं नाव मिसेस हॅलोरन. पन्नाशीची, दमलेली, पायात नर्सचे बूट. ती व्हर्नाशी इतक्या हळू आणि मोठ्याने बोलत होती की मला व्हर्नाच्या वतीने राग आला आणि त्या रागाचं आश्चर्य वाटलं. पाच शब्द दिले. होडी, लिंबू, कात्री, घंटा, मोजा. मग घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, ते तिने ठीक काढलं, काटे सव्वाअकरावर. वजाबाकी झाली. मग मिसेस हॅलोरन म्हणाली, मघाचे शब्द सांगाल? व्हर्नाने डोळे मिटले. हात वर गेला. "चार, होडी. अकरा, लिंबू." मिसेस हॅलोरनने तिच्या हाताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. व्हर्नाचा हात अकरावरून पुढे निघाला आणि नेहमीसारखा वळला नाही. तो थांबला. हवेत, खांद्याच्या उंचीवर, जिथे ती झडप होती बरोबर तिथे.

"तेवीस," ती म्हणाली. आवाज सपाट, बोर्डावरचा. "तेवीसला कुणी नव्हतं, कारण मी चादरी काढायला गेले होते. राख पडत होती. दहा मिनिटंच गेले. एव्हिसची पाळी चारला होती, ती तिथे नव्हती, तिने काही केलं नाही. कागदावर आम्ही लिहिलं. लेसने लिहिलं, मी सांगितलं." मग हात खाली आला, पुन्हा वर गेला. "एकतीस, घंटा. चाळीस, मोजा."

मला माझ्या पायांखालची सतरंजी दिसत होती, तिच्यावरची तपकिरी पानं. चारला दहा कमी. खुर्ची मागे सरकलेली. अक्षरं माझी नव्हती. बासष्ट वर्षांची ती गुळगुळीत वस्तू एकदम जड आणि खरी होऊन माझ्या मांडीवर पडली, आणि मी वेडी नव्हते, मी कधीच वेडी नव्हते. मला उठून त्या दमलेल्या बाईला सांगायचं होतं की हे बरोबर आहे, तेवीस धरून पाचही बरोबर आहेत, या खोलीत आज जे उत्तर दिलं गेलं त्याहून बरोबर उत्तर तुम्हाला कुणी देणार नाही. मिसेस हॅलोरन लिहीत होती. तिने लेखणी वर केली आणि आवाज खाली आणला, व्हर्ना तिथे नसल्यासारखा. "या काय सांगतायत, तुम्हाला काही अंदाज? ही एव्हिस कोण? अशी कुणी होती का, की मनाचंच?"

व्हर्नाने डोळे उघडले होते. ती माझ्याकडे बघत होती, काही मागत नव्हती. मी म्हटलं हो, तर तिचं डोकं शाबूत ठरत होतं आणि माझं नाव बासष्ट वर्षांनी धुऊन निघत होतं. दोन्ही त्या एकाच शब्दात होतं, एकाशिवाय दुसरं मिळत नव्हतं. मला इडा नोएल्के दिसली, हँडल फिरवताना. मला वाटलं होतं की ती वेळ आली की मला विचार करावा लागेल.

"नाही," मी म्हटलं. "एव्हिस नावाचं मी कुणी ऐकलेलं नाही."

मिसेस हॅलोरनने मान हलवली आणि लिहिलं. अलीकडे असं बरंच बोलतात का, तिने विचारलं, आणि मी म्हटलं, हो, थोडं वाढलंय.

मागच्या इमारतीत मी दर गुरुवारी जाते. दाराच्या आत आणि बाहेर आकड्यांची पाटी आहे, चार आकडे दाबले की दार उघडतं, आणि ते चार आकडे फक्त येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. व्हर्ना खिडकीशी बसलेली असते. मी केक नेते, ती माझ्या स्वेटरची गुंडी लावून देते, आम्ही हवेबद्दल बोलतो. सकाळचा व्यायाम मी अजून करते. साठपर्यंत जाते. पण नंतरची ती दुपार आता म्हणावी लागत नाही, आणि चहा निवेपर्यंतच्या त्या वेळात काय करावं हे मला सुचत नाही. मी कपाकडे बघत बसते. परवा निघताना ती माझ्याबरोबर दारापर्यंत आली, माझा दंड धरून, अगदी हळू. पाटीकडे बघून म्हणाली, "आकडे सांग ना गं मला. फक्त अंगणापर्यंत जाऊन येते."

मी म्हटलं, "माझ्याही लक्षात राहत नाहीत बाई, वय झालं. दर वेळी नर्सला विचारते."

ती हसली. तेच हसणं. दंडावरची तिची बोटं सैल झाली आणि तिने माझी बाही सरळ करून दिली, पहिल्या दिवशी बोर्डावर बसवताना करायची तशी.

"तुला तर साठच्या साठ तोंडपाठ होते, एव्हिस," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाठ करून तिच्या आणि पाटीच्या मध्ये उभी राहिले आणि चार आकडे दाबले.